एका फेरीत वीस किलो

नाशिकरोडकडून गांधीनगरच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला हेलिकॉप्टर ओळखायला मान वर करावी लागत नाही. गांधीनगरच्या धावपट्टीवर आर्मी एव्हिएशनची प्रशिक्षण शाळा आहे. शिकाऊ पायलट सकाळपासून चेतक आणि चीता घेऊन घिरट्या घालतात, आणि उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत घालणाऱ्या बायका त्या आवाजाला पाहुण्यासारखं नव्हे, शेजाऱ्यासारखं वागवतात. मीही वीस वर्षं तसंच वागवलं. इथे शिकून ही पोरं जातात कुठे, हे कधी मनात आलं नाही. ते लेहला आलं.

विमान लेहच्या धावपट्टीवर टेकलं आणि खिडकीतून, पलीकडच्या लष्करी बाजूला, ओळखीची आकृती दिसली. पुढे काचेचा बुडबुडा, मागे मोबाइलच्या टॉवरसारखी उघड्या नळ्यांची शेपटी, खाली चाकांऐवजी दोन घसरपट्ट्या. चीता. हवाईसुंदरीने फोटो काढू नका म्हणून दोनदा बजावलं होतं, म्हणून नुसतंच बघून घेतलं. विमानाबाहेर आलो. पायऱ्या उतरून वीस पावलं चालल्यावर दम लागला. विमानतळाची उंची १०,६८२ फूट. पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं, भरपूर पाणी प्यायचं, जिने चढायचे नाहीत, असा तिथला दंडक आहे, आणि तो मोडणाऱ्या मराठी मंडळींना लेहचे डॉक्टर चांगलेच ओळखतात.

पडून राहिल्याचा फायदा असा, की पहाटेचे आवाज ऐकू आले. उजाडताना दोन हेलिकॉप्टरं एकामागे एक उत्तरेकडे गेली. दुसऱ्या दिवशीही तीच वेळ, तशीच जोडी. आमच्या गेस्ट हाउसच्या मालकीणबाई, सगळे त्यांना आमा-ले म्हणायचे, लोणी घातलेला खारट चहा पुढे ठेवत म्हणाल्या, "ग्लेशियर." म्हणजे सियाचिन.

लेहमध्ये वायुदलाची जी तुकडी ही उड्डाणं करते तिचं नाव ११४ हेलिकॉप्टर युनिट. स्क्वाड्रन नव्हे, युनिट. वायुदलात हेलिकॉप्टरवाल्यांना बहुधा असंच म्हणतात. १९६४ मध्ये ती उभी राहिली. म्हणजे १९६२ च्या चीन युद्धाची जखम ओली असताना, लडाखमधल्या दूरच्या ठाण्यांपर्यंत रस्ते नसताना. आज तिचं बिरुद आहे सियाचिन पायोनियर्स. पण या गावाला विमानाशी नातं जुळवून देणारी माणसं त्याच्याही आधीची. १९४८ मध्ये सोनम नोर्बू नावाच्या लडाखी इंजिनिअरने गावकऱ्यांना हाताशी धरून इथे कच्ची धावपट्टी काढली, आणि त्या वर्षीच्या २४ मे रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्यांना शेजारी बसवून डकोटा विमान तिच्यावर उतरवलं. पाकिस्तानी हल्लेखोरांच्या हातून लेह वाचलं ते त्यामुळे. गावातलं मोठं सरकारी हॉस्पिटल आज नोर्बूंच्या नावाचं आहे.

त्याच हॉस्पिटलात २०१० च्या ऑगस्टमध्ये चिखल भरला होता. ५ तारखेची मध्यरात्र उलटून गेल्यावर ढगफुटी झाली. दोनशेहून जास्त माणसं गेली, चोगलमसरची वस्ती वाहून गेली, टेलिफोन एक्स्चेंज बंद पडलं. आमा-ले त्या रात्रीबद्दल फार बोलल्या नाहीत. हाताने चिखल किती होता ते दाखवलं, कमरेच्या वर, आणि मग बोट आकाशाकडे केलं. रस्ते आणि पूल गेल्यावर दूरच्या खोऱ्यांत अडकलेल्या माणसांना, त्यांत परदेशी ट्रेकरही होते, बाहेर काढायला तेवढाच मार्ग उरला होता.

तिसऱ्या दिवशी 'हॉल ऑफ फेम' बघितलं. विमानतळाजवळच, कारगिल रस्त्यावर, लष्कराने केलेलं संग्रहालय. सियाचिनच्या दालनात काचेमागे जवानाचा बर्फातला पूर्ण पोशाख उभा केलाय: आतले थर, वरचा पांढरा कोट, आमच्या पायाच्या दुप्पट दिसणारे बूट, आइस ॲक्स, चष्मा. माझ्या बायकोने सहज विचारलं, "हे सगळं घालून माणूस किती किलोचा होतो?" तिथे उभे असलेले एक वयस्क सुभेदार हसले. म्हणाले, "मॅडम, पायलट भी पहले यही पूछता है."

मग पुढचा सगळा प्रवास मी किलोंतच केला.

हिशेब सोपा आहे आणि निर्दय आहे. वीस हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मी. पात्यांना चावायला हवा कमी आणि इंजिनाला श्वास घ्यायलाही कमी. रिकाम्या चीताचं वजनच हजार किलोंच्या आसपास. त्यात दोन पायलट, आणि जाऊन परत येण्यापुरतंच, मोजून घातलेलं इंधन. हे सगळं वजा केल्यावर सर्वांत उंच ठाण्यांवर उरतात वीस-पंचवीस किलो. म्हणजे रॉकेलचा एक कॅन. एक कॅन टाकायचा, पाती फिरती ठेवायची, अर्ध्या-एक मिनिटात उठायचं आणि दुसऱ्या कॅनसाठी खाली यायचं. पहाटेच्या त्या जोडीचं कारणही हेच. पहाटे हवा थंड, म्हणून दाट. दुपारी वारा सुटतो. आणि जोडीनेच जायचं, कारण एक खाली बसलं तर कुठे बसलं हे सांगायला दुसरं हवं.

खाली येताना मात्र रिकामं यायचं नसतं. ग्लेशियरवरचा सर्वांत ओळखीचा शत्रू म्हणजे हॅपो, उंचीमुळे फुप्फुसात पाणी भरणं. जवान रात्री खोकत झोपतो आणि सकाळी ओठ निळे. औषध एकच खात्रीचं: लवकरात लवकर खाली. पायी उतरवायचं तर दिवस लागतात, दोरावर बांधून, कपारी चुकवत. चीताला काही मिनिटं. त्याला तिथे कॅझेवॅक म्हणतात, आणि हा शब्द लडाखमधल्या ड्रायव्हरांच्याही तोंडात आहे.

हे यंत्र याच कामासाठी जन्मलं, ही गोष्ट मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हती. १९६८ मध्ये भारतीय सैन्याला हिमालयात चालेल असं हलकं हेलिकॉप्टर हवं होतं. फ्रेंच कंपनीने जुन्या अलुएत २ च्या सांगाड्यावर अलुएत ३ चं इंजिन आणि पाती बसवली. लहान अंगाला मोठं काळीज. नाव ठेवलं लामा. मार्च १९६९ मध्ये ते पहिल्यांदा उडालं, आणि त्याच वर्षी हिमालयातल्या चाचणीत दोन माणसांना घेऊन ७,५०० मीटरवर उतरून पुन्हा उठलं. १९७२ मध्ये फ्रान्सच्या जाँ बुले यांनी ते १२,४४२ मीटरपर्यंत चढवलं. वर इंजिन विझलं आणि त्यांनी ते नुसत्या फिरत्या पात्यांवर जमिनीपर्यंत आणलं. बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये त्याच वर्षापासून ते तयार होऊ लागलं आणि लामाचा चीता झाला.

खारदुंग ला ओलांडून आम्ही नुब्रात उतरलो. खिंडीतल्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलं होतं. खरी उंची त्याहून सुमारे आठशे फूट कमी आहे, पण फोटोच्या रांगेत कोणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. खलसरच्या पुढे रस्ता फुटतो. डावीकडे दिस्कित, हुंडरची वाळू आणि दोन वशिंडांचे उंट. सगळ्या गाड्या तिकडे. आम्ही उजवीकडे वळलो, सुमूर, पनामिक, गरम पाण्याचे झरे, आणि परमिट जाईल तिथपर्यंत, वारशी गावाकडे. नुब्रा नदी इथे राखाडी, दुधाळ, दगडांवरून फुटून वाहते. ते पाणी सियाचिनचं. ७६ किलोमीटर लांबीच्या त्या हिमनदीचं तोंड इथून फार लांब नाही.

याच खोऱ्यावरून १३ एप्रिल १९८४ ची पहाट गेली. ऑक्टोबर १९७८ मध्ये वायुदलाचं चेतक ग्लेशियरवर उतरून आलं होतं. कर्नल नरेंद्र कुमार यांची मोहीमही त्याच वर्षीची. आता ऑपरेशन मेघदूत, सियाचिन ताब्यात घ्यायची मोहीम. पहाटे साडेपाचला पहिलं चीता उठलं. आत कॅप्टन संजय कुलकर्णी आणि एक जवान. एवढेच. एका फेरीत दोन माणसं, पाठीवर सामान. दुपारपर्यंत सतरा फेऱ्या होऊन कुमाऊंची एक प्लॅटून, सुमारे तीस माणसं, सुमारे अठरा हजार फुटांवरच्या बिलाफोंड ला खिंडीत पोचली. बैसाखीचा दिवस होता.

आणि मग हवामान बंद झालं. त्याआधीच, पोचून तीन तासही झाले नसतील, रेडिओ ऑपरेटरलाच हॅपो झाला आणि त्याला खाली न्यावं लागलं. हे कुलकर्णी यांनी पुढे स्वतः सांगितलंय, आणि त्यामुळे रेडिओ शांत राहिला, शत्रूला सुगावा लागला नाही, असंही. तीन दिवस खालच्यांना त्यांचा पत्ता नव्हता. १७ एप्रिलला आभाळ उघडलं तेव्हा पाच चीता आणि दोन एमआय-८ यांनी एका दिवसात बत्तीस फेऱ्या मारून शेजारची सिया ला खिंड भरली. कुलकर्णी पुढे लेफ्टनंट जनरल झाले. नितीन गोखले यांनी या साऱ्या मोहिमेवर पुस्तक लिहिलंय. मराठी घरांत पानिपतची नावं तोंडपाठ असतात. बिलाफोंड ला हे नाव किती जणांना माहीत असेल, असं वारशीच्या पुलाजवळ उभं राहून वाटलं खरं.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती साल्तोरो डोंगररांगेच्या पलीकडे आहे. पाकिस्तानी सैन्याकडेही हेच यंत्र, लामा नावानेच. ऑगस्ट २००५ मध्ये स्लोव्हेनियाचा गिर्यारोहक तोमाज हुमार नंगा पर्बतच्या रुपाल भिंतीवर सहा हजार मीटरच्या आसपास अडकला होता. लेफ्टनंट कर्नल रशीदउल्ला बेग आणि त्यांच्या सहकाऱ्याने भिंतीला पाती घासू न देता दोर सोडला. हुमारने तो अडकवला, पण बर्फात ठोकलेल्या स्क्रूपासून स्वतःला सोडवणं जमलं नाही. हेलिकॉप्टर वर ओढतंय, माणूस डोंगराला बांधलेला. दोरी ताणली, ताणली आणि तुटली, पण डोंगराकडची; माणूस सुटला. शत्रूचं म्हणून हे कौतुक गिळावं असं मला वाटत नाही. डोंगराच्या दोन्ही अंगांना पायलट तोच आकडा मोजतात.

दरवेळी आकडा जुळतोच असंही नाही. ३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम ठाण्यावर, १९,६०० फुटांवर, हिमकडा कोसळून मद्रास रेजिमेंटच्या तुकडीतले दहा जवान गाडले गेले. त्यात आपल्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला एक होता. दुष्काळी माण, टँकरच्या पाण्यावर वाढलेलं पोर बर्फाखाली. बर्फ कापायची यंत्रं, शोधाची साधनं, कुत्री, सगळं सुट्टं करून फेरी-फेरीने वर गेलं. सहाव्या दिवशी पंचवीस-तीस फूट खाली लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पड जिवंत सापडला. हेलिकॉप्टरने त्याला खाली आणलं, तिथून विमानाने दिल्लीला. ११ तारखेला तो गेला. उरलेल्यांना वरून खाली आणायला हवामान साफ व्हायची वाट बघत दिवसचे दिवस थांबावं लागलं. गावात चूल पेटली नाही, तेव्हा वर ढग हटत नव्हता.

चीता म्हातारा झालाय, हे कोणी नाकारत नाही. त्याचं मूळ इंजिनच साठच्या दशकातलं. नवी इंजिनं बसवलेले चीतल आले, ध्रुव आलं, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या नव्या हलक्या हेलिकॉप्टरच्या लडाखमध्ये चाचण्या झाल्या. नुब्रातल्या थोइस तळावर आर्मी एव्हिएशनचे सियाचिन फाल्कन्स आहेत, ६६६ स्क्वाड्रन. तेही याच ग्लेशियरवर उडतात. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच्या आराखड्यावर पोरांना अजून उडवणं ही शौर्याची नव्हे, दिरंगाईची गोष्ट आहे असं माझं मत आहे, आणि अपघातांत गेलेल्या पायलटांच्या घरच्यांनी ते माझ्याहून कितीतरी आधी आणि मोठ्याने सांगितलंय.

वारशीहून परतताना, साडेदहाच्या सुमारास, ती जोडी डोक्यावरून गेली, दक्षिणेकडे. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. पुढच्याच्या बुडबुड्यात मागच्या बाजूला काहीतरी आडवं, गडद रंगाचं दिसल्यासारखं वाटलं. माणूस होता की पोतं, सांगता येणार नाही. ड्रायव्हर म्हणाला, "जल्दी में है."

लेहहून परतीचं विमान सकाळचं. इथली बहुतेक विमानं सकाळीच निघतात, कारण दुपारच्या तापल्या, विरळ हवेत भरलेलं विमान उठायला कुरकुरतं. काउंटरवर माझी बॅग सतरा किलो भरली, परवानगी पंधराची. वरचे दोन किलो म्हणजे आमा-लेंनी दिलेले जर्दाळू. पैसे भरून नेता आले असते. काढले, आणि बाहेर थांबलेल्या ड्रायव्हरला देऊन आलो.