दृष्ट आणि विमा

आपल्या मराठीत तीन गोष्टी 'उतरवतात'. डोक्यावरचे ओझे उतरवतात, लहान मुलाची दृष्ट उतरवतात आणि विमा उतरवतात. मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे शब्दांच्या असल्या नात्यागोत्यांकडे माझे लक्ष उगाचच जाते. वर्गात मुले जांभया देऊ लागली की असलेच काहीतरी सांगून मी त्यांना जागे करतो. पण या तीन उतरवण्यांचा एकमेकींशी संबंध काय, हे मला वर्गात कळले नाही. ते कळले माझ्याच घराच्या मागच्या खोलीत, मध्यरात्री, हातात बॅटरी घेऊन उभा असताना.

आमचे घर मोहाडीला. भंडाऱ्याहून तुमसरकडे जाताना हे तालुक्याचे गाव लागते. माता चौंडेश्वरीचे देऊळ आणि कोष्ट्यांच्या मागावरची करवती काठांची टसर पातळे यांमुळे आसपासच्या मुलखात ते ओळखीचे आहे. वडिलांनी बांधलेले घर विटांच्या भिंतींचे आणि कवेलूंचे. पुढच्या दोन खोल्या मी बँकेचे कर्ज काढून स्लॅबच्या केल्या; मागे स्वयंपाकघर आणि आईची खोली मात्र जुनीच राहिली. मृग लागण्यापूर्वी कवेलू फेरण्याची आमच्याकडे रीत आहे. छपरावर चढायचे, फुटकी कवेलू काढून नवी बसवायची, कुजलेला वासा बदलायचा. वडील होते तोवर हे काम एकाही वर्षी चुकले नाही. मी मात्र लागोपाठ तीन वर्षे चुकवले. आई दर मे महिन्यात आठवण करी आणि मी दर वेळी सांगे, "अगं आई, घराचा विमा आहे. काही झालंच तर कंपनी बघून घेईल."

हे मी थट्टेने म्हणत नव्हतो, बरे का! कर्ज घेतले त्याच वेळी विम्याचे म्हणून काही पैसे कापले गेले होते आणि घरी एक जाडजूड पाकीट आले होते. ते मी कपाटात, जुन्या गुणपत्रिका आणि लग्नपत्रिका यांच्याखाली जपून ठेवले. दृष्ट काढल्यावर मीठ-मोहऱ्या चुलीत टाकतात आणि मागे वळून पाहत नाहीत. मीही पाहिले नाही.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटी एका रात्री वादळ आले. वीज गेली, दारे-खिडक्या आपटू लागल्या. पुढच्या खोलीची खिडकी लावायला म्हणून आई अंथरुणातून उठली, आणि ती दारापाशी पोचते न पोचते तोच परसातल्या कडुनिंबाची मोठी फांदी तिच्या खोलीवर कोसळली. मी बॅटरी घेऊन धावलो. कवेलूंचा आणि मोडक्या वाशांचा ढीग आईच्या बाजेवर पडला होता. ज्या उशीवर पाच मिनिटांपूर्वी तिचे डोके होते, ती उशी दिसतच नव्हती. वरून पाऊस सरळ घरात येत होता. माझ्या पायांतले बळच गेले.

हाक मारण्यापूर्वीच शेजारचे विणकर काका शिडी आणि ताडपत्री घेऊन आले. मागोमाग त्यांची दोन्ही मुले. भर पावसात ते छपरावर चढले, ताडपत्री ताणून दगड ठेवले, दोर बांधले. खाली उतरल्यावर मला म्हणाले, "भिऊ नका जी सर. आजची रात्र निभली म्हणजे झालं. बाकीचं उद्या पाहू." ती ताडपत्री त्यांनी स्वतःच्या मागाच्या खोलीवरून काढून आणली होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

सकाळी मी कपाटातले पाकीट काढले. मनातून थोडा निर्धास्तच होतो. बँकेत गेलो, कागद पुढे ठेवला. समोरच्या तरुण अधिकाऱ्याने तो अदबीने वाचला आणि तितक्याच अदबीने सांगितले, "सर, हा विमा घराचा नाही, तुमचा आहे." म्हणजे कर्ज फिटण्याआधी मी गेलो तर उरलेले कर्ज विमा कंपनी भरील, घर गेले तर मात्र त्या कागदाचा काही उपयोग नाही! घरी येऊन ही बातमी सांगितली तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, "अहो, म्हणजे ती फांदी तुमच्यावर पडली असती तर..." आईने तिला पुढे बोलू दिले नाही.

मुलीच्या वसतिगृहासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून छप्पर उभे राहिले. मुलगी काही बोलली नाही. पहिले सहा महिने तिने तुमसरहून एस.टी.ने ये-जा केली. रोज संध्याकाळी ती दमून घरात शिरे, तेव्हा मला त्या न वाचलेल्या पाकिटाची आठवण होई. दुसऱ्यांच्या कवितांतल्या एकेका शब्दाचा कीस काढणाऱ्या माणसाने स्वतःच्या घराचा कागद एकदाही वाचू नये!

त्यानंतर मात्र मी वाचायला बसलो. वाचकहो, विम्याची भाषा रूक्ष असते, पण अवघड नसते. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एक ठरावीक पॉलिसी सर्वसाधारण विम्याच्या कंपन्यांना बंधनकारक केली. त्यामुळे कंपनी कोणतीही असो, मूळ मजकूर एकच. आग, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल हे त्यात येते. पाण्याची टाकी किंवा नळ फुटून झालेले नुकसान येते. आणि घरावर बाहेरून काही आदळले तर तेही येते. या शेवटच्या कलमात उदाहरण म्हणून 'पडणारी झाडे' असे चक्क छापलेले आहे. ते वाचताना मी परसातल्या निंबाकडे पाहिले.

विमा रक्कम कशी ठरवायची, याविषयी आमच्या आळीत मोठे गैरसमज होते. एक गृहस्थ प्लॉटची किंमतही धरून बसले होते. पण पूर आला तरी सातबारा वाहून जात नाही! धरायचा तो फक्त घर पुन्हा बांधण्याचा खर्च: क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर. माझ्या हजार चौरस फुटांना अठराशेच्या दराने अठरा लाख झाले. घरातल्या सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख, आपोआप धरले जातात. म्हणजे माझे ३ लाख ६० हजार. पूर्वी विमा कमी रकमेचा असला की भरपाईही त्याच प्रमाणात कातरत. या पॉलिसीत ती कात्री नाही. मलबा हलवण्याचा खर्चही दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो. आणि एवढ्या सगळ्याचा वर्षाचा हप्ता आमच्या एका महिन्याच्या दुधाच्या बिलाहून कमी निघाला. मला आनंद व्हायला हवा होता. झाली ती शरमच.

आता काय मिळत नाही, तेही सांगितले पाहिजे. विजेचा दाब वाढून फ्रीज आतल्या आत जळला तर तो आपला. त्यातून आग लागून शेजारचे कपाट जळले तर ते कंपनीचे. गवत, बांबू, ताडपत्री यांच्या घरांना ही पॉलिसी नाही. सुटे हिरे-माणके नाहीत. आणि वयोमानाने जे झिजते, गंजते, कुजते त्याला विमा नाही, कारण विमा असतो तो अपघाताचा. म्हातारपण हा काही अपघात नव्हे.

ही शेवटची गोष्ट मला गेल्या पावसाळ्यात नीट कळली. स्लॅबवरच्या टाकीखालचा पाइप रात्री फुटला आणि पहाटेपर्यंत पाणी पुढच्या खोलीत साचले. छताच्या गिलाव्याचा मोठा पापुद्रा खाली आला. गादी, लाकडी कपाट, पुस्तके भिजली. या वेळी मी शहाणा झालो होतो. आधी टाकीची तोटी बंद केली, कारण नुकसान वाढू न देणे हे विमेदाराचे कामच असते. मग फोटो काढले, कंपनीला फोन केला, भिजलेले सामान फेकून न देता अंगणात मांडून ठेवले आणि प्लंबरचे बिल जपून ठेवले.

सर्व्हेअर येण्यापूर्वी एका हितचिंतकाने कानात सांगितले, "खोलीची भिंत नाही तरी ओली आहेच. सगळं काल रात्रीचंच म्हणून सांगा." खरे सांगायचे तर माझ्या मनानेही तो सल्ला अर्धा मानला होता. वसतिगृहाचा दुसऱ्या वर्षाचा हप्ता जवळ आला होता. सर्व्हेअर आले, मध्यम वयाचे, मितभाषी गृहस्थ. त्यांनी बोटाच्या पेराने भिंत ठोकून पाहिली, पोपडे आलेल्या जागेवर तळवा ठेवला आणि विचारले, "ही ओल कधीची?"

दारात मुलगी उभी होती. मी म्हणालो, "तीन पावसाळ्यांची."

त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतले. गिलावा, गादी आणि कपाट यांचे पैसे मिळाले. भिंतीचे मिळाले नाहीत. पाइपाचेही नाहीत, कारण तो गंजून संपलेला होता. जाताना ते म्हणाले, "सर, ओल कालची की परवाची, हे भिंतच सांगते. आम्ही फक्त विचारून पाहतो." मिळालेल्या पैशांपेक्षा माझ्या तोंडून खोटे निघाले नाही, याचेच मला त्या दिवशी अधिक बरे वाटले. दावा नाकारला गेला आणि तो अन्याय वाटला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते, आणि तिथे फी नसते. माझ्यावर ती वेळ आली नाही.

माझा एक भाचा इंग्लंडात असतो. थंडीत त्याच्या घरातला बॉयलर बंद पडला. त्याने फोन केला आणि संध्याकाळी कारागीर दारात हजर! तिकडे घराच्या विम्याला जोडून अशा तातडीच्या दुरुस्तीचा वेगळा विमा घेता येतो. मला हेवा वाटला. पण त्याला खोदून विचारले तेव्हा समजले की त्याही विम्याचे काम मुख्यतः वेळ निभावून नेण्याचे. खर्चाला मर्यादा असते आणि जुने यंत्र बदलायचे तर ते ज्याचे त्याने. म्हणजे आमचे विणकर काका शिडीवरून उतरताना जे बोलले, तेच तिकडे कागदावर छापलेले असते. १६६६ साली लंडन जळाल्यावर आगीचा विमा सुरू झाला, तेव्हा विमा कंपन्यांनी स्वतःची अग्निशामक पथके ठेवली होती, आणि विमा असलेल्या घरांवर धातूची खूण ठोकलेली असे. त्या काळी विमा खरोखरच धावत येई. आज तो चालत येतो, आणि कागदपत्रे मागतो. धावत येतो तो शेजारी.

पण शेजाऱ्यावर किती भार टाकायचा? २०२० च्या ऑगस्ट अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा भंडाऱ्यात वस्त्याच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. ज्याचे स्वतःचे घर पाण्यात, तो शिडी घेऊन कोणाकडे जाणार? आणि सरकारी मदतीचे म्हणाल, तर २०२२-२३ ते २०२५-२६ या काळाच्या केंद्राच्या निकषांत अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये होते. तेवढ्यात एका खोलीचे छप्परही उभे राहत नाही.

म्हणून मी आता घराच्या दुरुस्तीचे तीन भाग करतो. आजची रात्र निभावण्याचा खर्च. त्यासाठी घरात थोडी रोकड, एक ताडपत्री, आणि मिस्त्री व प्लंबर यांचे नंबर भिंतीवर. अचानक कोसळलेल्या संकटाचा खर्च, त्यासाठी विमा. आणि झिजेचा खर्च. त्यासाठी दर वर्षी मृगाच्या आधी आपलाच खिसा. मी तीन वर्षे तिसरा खर्च दुसऱ्यावर ढकलला होता, आणि तो दुसरा तर माझ्याजवळ नव्हताच.

गेल्या वर्षी विणकर काकांना मी त्यांच्या घराच्या विम्याविषयी विचारले. भिंती विटांच्या, छप्पर कवेलूंचे, अडचण नव्हती. ते म्हणाले, "आमच्याकडे काय आहे जी सर, विमा उतरवायला?" मी त्यांच्या मागाकडे पाहिले, त्यावर अर्धे विणलेले पातळ होते. त्यांच्या अंगणात बसून आम्ही दोघांनी पॉलिसीचा कागद पहिल्या ओळीपासून वाचला. त्यांनी मला तीन शंका विचारल्या. त्यांतल्या दोन माझ्याही ध्यानात आल्या नव्हत्या.

या दिवाळीत कपाटे आवरताना तुमच्याही हाती गुणपत्रिकांखालचे एखादे पाकीट लागेल. ते तसेच परत ठेवू नका. फराळाचे ताट बाजूला सारून पहिले पान तरी वाचा, आणि विमा घराचा आहे की तुमचा, एवढे तरी पाहून घ्या. आमच्याकडे यंदाही कवेलू वेळेवर फेरली. आई खाली बाजेवर बसून वर चढलेल्या माणसाला सूचना देत होती, आणि शिडी मी धरली होती.