दोन सोनार

शनिवार-रविवारच्या सुटींत एखादें प्राचीन नगर पाहून येणें हा युरोपांतील विद्यार्थ्यांचा नित्याचा परिपाठ आहे. शतकानुशतकें घडत आलेली नगरी दोन दिवसांत पाहावयाची, म्हणजे ओंजळीनें समुद्र मोजण्यापैकींच प्रकार. पण विद्यार्थ्याचा खिसा आणि विद्यापीठाचें वेळापत्रक यांपुढें कोणाचाहि इलाज चालत नाहीं. लाइप्झिग येथें शिकत असतां आम्हीहि अशाच एका आठ जणांच्या मंडळींत सामील होऊन, आगगाडीनें सुमारें दीड तासावर असलेलें ड्रेस्डेन पाहावयास गेलों. मंडळींत नाना देशांचे लोक होते. एक सहाध्यायिनी तर त्या नगरींतच जन्मलेली. त्यामुळें वाटाड्याचें काम ओघानेंच तिच्याकडे आलें.

शुक्रवारीं संध्याकाळीं उतरण्याच्या जागीं सामान टाकून, एल्ब नदीवरील पूल ओलांडून, तिनें आम्हांला फ्राउएनकिर्शे या प्रचंड घुमटाच्या ख्रिस्तमंदिरापुढील चौकांत नेलें. सभोंवतालचीं घरें इतकीं कोरीं करकरीत दिसत होतीं कीं, आमच्या तोंडून सहज उद्गार निघाला, "हें कसलें ऐतिहासिक नगर? हा तर नाटकाचा रंगविलेला पडदा!" मंडळी खो खो हसली. ती मात्र हसली नाहीं. "थंडी वाढत आहे, जेवावयास चला," एवढेंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशीं राजवाड्यांतील जवाहिरखाना पाहिला. तेथें एका दालनांत एका कांचेच्या पेटीपुढें आमचे पाय खिळून राहिले. आंत चक्क औरंगजेब बादशहाचा दरबार भरला होता! सॅक्सनीचा अधिपति (इलेक्टर) ऑगस्टस याच्या पदरीं योहान मेल्खिओर डिंग्लिंगर नांवाचा सोनार होता. त्यानें आपल्या भावांच्या साहाय्यानें १७०१ ते १७०८ या सात वर्षांत हा दिल्लीदरबार घडविला. बादशहाच्या वाढदिवसाचा देखावा आहे. हत्ती, घोडे, उंट, नजराणे घेऊन आलेले उमराव अशा शंभरावर चिमुकल्या मूर्ति सोन्या-मिन्याच्या केल्या असून हिऱ्यांची संख्याच कित्येक हजारांवर जाते. कारागिरी थक्क करणारी खरी. परंतु डिंग्लिंगरनें हिंदुस्थान कधीं डोळ्यांनीं पाहिला नव्हता. प्रवाशांच्या वर्णनांवरून त्यानें सारा डौल कल्पिला, आणि कमी पडलें तेथें चिनी व मिसरी नक्षीची भर घातली.

आमच्यांतील मराठी माणसास कंठ फुटावयास एवढें पुरे होतें. आम्हीं तेथेंच मंडळींना व्याख्यान झोडलें. ज्या वर्षीं या सोनारानें काम आरंभिलें, त्या वर्षीं ऐंशी उलटलेला बादशहा दिल्लींत नव्हताच. तो आमच्या पन्हाळ्यास वेढा घालून बसला होता. तो दक्षिणेंत उतरला १६८१ सालीं, आणि त्यानंतर दिल्ली त्याला पुन्हां दिसली नाहीं. राजाराम महाराजांच्या पश्चात् ताराबाईंनीं लढा चालविला. बादशहानें एक किल्ला घ्यावा, आणि मराठ्यांनीं तो कालांतरानें परत घ्यावा, असें चाललें होतें. मुलूख उजाड झाला, दोन्हींकडचीं माणसें मेलीं. १७०७ सालीं अहमदनगरच्या छावणींत त्याचा अंत झाला, तेव्हां येथें या दरबाराचें काम चालूंच होतें! खुलताबादची त्याची कबर आम्हीं शाळेच्या सहलींत पाहिली आहे. उघड्या आकाशाखालची साधी माती ती. "जें सोसलें नाहीं, पाहिलेंहि नाहीं, त्याचा असा देखणा खेळ करणें सोपें असतें," असा आम्हीं मोठ्या ऐटींत समारोप केला. आमची वाटाडी सगळें शांतपणें ऐकत होती.

रविवारीं प्रार्थना आटोपल्यावर ती आम्हांला पुन्हां त्याच मंदिरापाशीं घेऊन आली. दिवसाच्या उजेडांत भिंती निराळ्या दिसल्या. फिकट दगडांमध्यें जागोजाग काळे चिरे बसविलेले होते. ती म्हणाली, "ते काळे दगड जुने आहेत."

मग तिनें सांगितलें. १९४५ च्या फेब्रुवारींत १३ तारखेच्या रात्रीं ब्रिटिश विमानांनीं बाँबवर्षाव सुरू केला; पाठोपाठ अमेरिकन विमानें आलीं. सुमारें पंचवीस हजार माणसें गेलीं. १७४३ सालीं पुरें झालेलें हें मंदिर आगीनें भाजून १५ तारखेस कोसळलें, आणि पुढें कित्येक दशकें दगडांची रास होऊन पडलें होतें. तिची आजी तेव्हां सहा वर्षांची होती. आई तिला घेऊन नदीकांठच्या कुरणांकडे पळाली. धाकटी बहीण त्या रात्रीं गर्दींत हातांतून सुटली, ती पुन्हां दिसली नाहीं. "पण युद्ध आम्हींच आरंभिलें होतें," ती पुढें म्हणाली, "आणि याच गांवांतील यहुद्यांचें प्रार्थनामंदिर १९३८ सालीं जाळलें गेलें, तें परक्यांनीं नव्हे. आजी दोन्ही गोष्टी सांगे. एकच सांगून थांबत नसे."

आंत जुना क्रूस ठेवला आहे. ढिगाऱ्यांत सांपडलेला, वांकलेला, काळवंडलेला. १९९४ नंतर जुन्या चिऱ्यांसह मंदिर पुन्हां उभारलें, आणि २००५ सालीं तें लोकांस खुलें झालें. घुमटावरचा नवा सोनेरी क्रूस घडविणाऱ्या सोनारांपैकीं एक लंडनचा होता. त्याचे वडील १९४५ च्या त्या हल्ल्यांतील एका विमानाचे चालक होते.

आमच्यानें मान वर करवेना. आदल्या दिवशीं आम्हीं ज्या सोनारास हंसलों, त्यानें निदान सात वर्षें मेहनत केली होती. आम्हीं तर एका संध्याकाळींच न पाहिलेल्या दुःखाचा रंगीत पडदा करून टाकला होता. क्षमा मागितली, तेव्हां ती म्हणाली, "तुम्हांला ठाऊक नव्हतें. मलाहि पन्हाळा ठाऊक नव्हता."

परतीच्या गाडींत मंडळी पेंगूं लागली. ती खिडकींतून पाहत म्हणाली, "मी हिंदुस्थानांत आलें, तर ती कबर मला दाखवाल काय?" आम्हीं तत्काळ होकार दिला. परंतु तेथें तिच्यापाशीं उभें राहून काय सांगावयाचें, हें आम्हांस अजून नीटसें ठरवितां आलेलें नाहीं. तिच्या आजीप्रमाणें दोन्ही गोष्टी सांगावयाच्या, तर आधीं त्या आमच्या आम्हांला नीट ठाऊक हव्यात. जवाहिरखान्यांत केलेलें तें व्याख्यान तेथें कामास येणार नाहीं, एवढें मात्र खास.