आत्याची पहिली भाषा

उधना-जळगाव रेल्वेमार्गावरचे चलथाण हे सुरतजवळचे साखर कारखान्याचे गाव. आत्याचे यजमान त्या कारखान्यात लागले आणि ती तिकडचीच झाली. माहेर मात्र निपाणीकडचे. आमची आजी कानडी, म्हणून आत्याचे पहिले बोल कानडीच. पुढे शाळा मराठी, बाजारहाट गुजराती.

मागच्या दिवाळीत गेलो तर वहिनी रडवेल्या झालेल्या. "भाऊजी, आई मुद्दाम करतात. मला कळू नये म्हणून कानडीत बोलतात." वहिनी धुळ्याकडच्या, कानडीचा गंध नाही. खरे सांगायचे तर फोनवर मीही आत्याला दोनदा रागावलो होतो, "मराठीत बोल की!" आणि मी वीस वर्षे कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो!

स्मृती म्हणजे एकच पेटी नव्हे, हे मी फळ्यावर दरवर्षी लिहितो. सकाळी काय जेवलो, ही घटनास्मृती. भाकरी थापता येणे, ही कौशल्यस्मृती. तिओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ साली मांडले, की स्मृती ढासळते तेव्हा अलीकडचे आधी जाते, जुने शेवटी. म्हणूनच स्मृतिभ्रंशाच्या काही रुग्णांत नंतर शिकलेली भाषा मागे पडते आणि पहिली उरते. सगळ्यांचेच असे होत नाही. शिवाय थायरॉइडच्या तक्रारीने किंवा बी-१२ कमी झाल्यानेही विसर पडतो, तेव्हा आधी तपासणी हवीच. आत्याची झाली होती. निदान स्मृतिभ्रंशाचेच होते. पण त्याचा अर्थ वहिनींना कुणी सांगितला नव्हता. मीसुद्धा नाही.

हे समजावत होतो, तेवढ्यात आत्या वहिनींकडे पाहून म्हणाली, "नीर कोडव्वा."

"पाणी दे गं बाई, म्हणते," मी सांगितले. "लेकीला म्हणावं, तसं म्हणाली."

वहिनी तांब्या हातात धरून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या.

त्या रात्री त्यांच्या वहीत शब्द लिहून दिले: नीर म्हणजे पाणी, ऊट म्हणजे जेवण, बिसि म्हणजे गरम, नोवु म्हणजे दुखणे. परवा त्यांचा फोन आला. "आईंनी विचारलं, ऊट आतेन? मी म्हटलं, आतु!"

आपल्याकडे घराघरांत दोन भाषा नांदतात. आपल्या थोरल्यांची पहिली भाषा कोणती, हे सुनेला, नातवंडांना आजच सांगून ठेवा. चार शब्द शिकवाही. कधीतरी तेवढेच हाताशी राहतील.