डॉक्टरांची निवड

पूर्वी आमच्या धरणगावी कोणत्या वैद्याच्या हाताला गुण आहे, हे ओट्यावरच कळे. गतवर्षी पत्नीची दृष्टी मंदावली, तेव्हा नातीने भ्रमणध्वनीवर जळगावच्या नेत्रतज्ज्ञांची यादी काढली. प्रत्येक नावापुढे तारका! त्या देणारे कोण, हे मात्र कोठेच नव्हते. मी म्हणालो, "बाळ, नोंदणी क्रमांक पाहा." डॉक्टरांनी तो दवाखान्यात लावावा, औषधाच्या चिठ्ठीवरही लिहावा, असा २००२ चा नियम आहे. यादीतील एका डॉक्टरांचा क्रमांक आम्ही महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीशी ताडून पाहिला. पदवी खरी होती. माणसाचा स्वभाव मात्र नोंदवहीत कोठून असणार? त्यांच्याकडूनच मोतीबिंदू काढून घेतलेल्या शेजारच्या मावशी म्हणाल्या, "घाई करीत नाहीत हो, विचारलेले सारे सांगतात." दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही जळगावची गाडी धरली.