सगळ्यात भरलेली डिस्क

‘क्लस्टर ७० टक्के भरलाय’ असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सगळ्यात भरलेली डिस्क कितीवर आहे? अनेक डिस्कवर डेटा वाटून ठेवणाऱ्या सेफ या साठवण-प्रणालीत एक डिस्क ८५ टक्क्यांवर गेली की इशारा येतो, ९० वर तिच्याकडे बॅकफिल, म्हणजे दुसरीकडचा डेटा हलवणं, थांबतं, ९५ वर तिचा ज्या पूलशी, म्हणजे डेटाच्या ज्या कप्प्याशी, संबंध आहे तिथे लिहिणंच बंद. बाकीच्या अर्ध्या रिकाम्या असल्या तरी. पूलमध्ये अजून किती मावेल हा आकडाही जी डिस्क आधी भरेल तिच्यावरूनच निघतो.

सेज वाइल आणि सहकाऱ्यांनी २००६ साली क्रश ही डेटा वाटायची पद्धत मांडली, तिचं गणित मला आजही सुंदर वाटतं. कुठला डेटा कुठे, याची यादीच नाही, हॅश ठरवतो. पण हॅशचा न्याय मोठ्या संख्येत दिसतो आणि एका डिस्कच्या वाट्याला पीजी, म्हणजे डेटाचे गट, येतात शंभरेक. मग एखादीवर ऐंशी, एखादीवर एकशेवीस होणारच. त्यात पीजींची संख्या दोनाच्या घातात नसेल तर काही पीजी इतरांच्या दुप्पट मोठे.

हा उंचसखलपणा मी वर्षानुवर्षं हातानं सपाट केला. एका डिस्कचा रीवेट, म्हणजे तिचा वाटा ठरवणारा आकडा, ०.९५ करायचा, तिचा डेटा दुसऱ्या डिस्कवर सरकला की ती दुसरी वर चढणार, मग तिला ०.९२. कुठली डिस्क किती दाबली की कुठली वर येते, हे मला पाठ होतं आणि ते पाठ असल्याचा मला अभिमान होता. हे सगळं टिपलेली वही मी कुणाला दिली नाही. क्लस्टर माझ्या हातावर चालतो असं लोकांनी म्हणावं, हे मला फार हवं होतं.

झेडएफएस ही दुसरी साठवण-प्रणाली वापरणाऱ्यांशी माझा याच असमतोलावरून जुना वाद आहे. तिथे नवा व्हीडेव्ह, म्हणजे डिस्कचा गट, जोडला की नवं लिखाण बहुतेक तिकडे जातं, जुना डेटा पुन्हा लिहीपर्यंत जागचा हलत नाही. ‘होईल हळूहळू सारखं’ म्हणतात. जिथे डेटा एकदा लिहून नुसता ठेवायचा असतो, तिथे ते कधीच होत नाही. आणि अख्ख्या पूलचा एकच टक्का दाखवून डिस्क झाकून ठेवणारी तयार खोकी तर मला सहनच होत नाहीत.

मग टीममध्ये एक मुलगी आली. “सर, सगळे रीवेट परत १ करू या ना, अपमॅप बघेल,” म्हणाली. अपमॅप हा पीजी आपोआप सारखे वाटणारा सेफचा बॅलन्सर २०१७ पासून आहे. तिनं टप्प्याटप्प्यानं आकडे १ वर आणले आणि माझ्या वहीला जे कधी जमलं नव्हतं ते झालं. त्या दिवशी मला आनंद झाला आणि लागलंही.

तरी माझी नजर डिस्कच्या यादीवरून हटत नाही. बॅलन्सर पीजी मोजतो, बाइट नाही. १६ टीबीची डिस्क ७० टक्के भरलेली, पीजी शंभर, म्हणजे एक पीजी ११२ जीबीचा. मूळ सेटिंगमध्ये पाच पीजी कमीजास्त त्याला चालतात. वरच्या आणि खालच्या डिस्कमध्ये टीबीभर फरक राहू शकतो. मी ती मर्यादा १ वर आणायला सांगतो. ती म्हणते, “सर, एवढ्यासाठी दिवसभर डेटा हलवत ठेवायचा? ग्राहकांचं वाचन मंदावतं.” तिचं म्हणणं खरं आहे. पण ती जे वाचवते ते रोजचं आहे, मी ज्यासाठी अडतो ते एखाद्या रात्रीचं. सध्या ३ वर आहे. मला ते पटलेलं नाही.