एक दिवस मुंबईचा: बसने आणि बोटीने

आपल्या भागातला शेतकरी मुंबईला जातो तो कामाला. कोणाला मोठ्या दवाखान्यात पेशंट न्यायचा असतो, कोणाचे मंत्रालयात प्रकरण अडकलेले असते, कोणाची भाजीची गाडी वाशीला उतरायची असते. काम झाले की मिळेल ती गाडी पकडून माणूस घरी. मुंबई पाहिली का, असे विचारले तर "दहादा गेलो" असे उत्तर येते. पाहिली, असे कोणी म्हणत नाही.

यंदा पौषात आमच्या दिंडोरी तालुक्यातल्या बावीस शेतकऱ्यांची अभ्याससहल घेऊन मी गेलो होतो. विस्तार अधिकाऱ्याच्या नोकरीत अशा सहली बऱ्याच होतात. आमचा तालुका म्हणजे पूर्वेला द्राक्षबागा आणि पश्चिमेला डोंगर, भात, नागली. दोन्हीकडची मंडळी होती, त्यात नऊ बायका. पहिल्या दिवशी पहाटे वाशीची बाजार समिती झाली, म्हणजे सरकारी काम झाले. दुसरा दिवस मोकळा होता. मुक्काम दादरला. मंडळींचे मत पडले की सिद्धिविनायकाचे दर्शन घ्यावे आणि दुपारी परत फिरावे. मी म्हटले, दर्शन पहाटेच उरका आणि बाकीचा दिवस मला द्या. टॅक्सी नाही, मोठी गाडी नाही. बस आणि बोट, दोनच वाहने.

दादरहून लाल बस पकडली ती परळ, लालबाग, भायखळा अशी सरळ दक्षिणेकडे निघाली. मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी धावली. त्याआधी ट्राम होती, ती ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. नवख्या माणसाने खिडकीशी बसावे आणि वर बघत जावे, कारण खाली सगळीकडे दुकानेच दिसतात. परळ-लालबाग हा गिरण्यांचा मुलूख. खानदेश-वऱ्हाडातला कापूस इथे यायचा आणि तो कातायला कोकणातली, साताऱ्याकडची माणसे यायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यानंतर तो मुलूख पुन्हा पहिल्यासारखा उभा राहिला नाही. आता तिथे काचेचे मनोरे आहेत.

आमच्यात साठीच्या एक आजी होत्या, पश्चिम पट्ट्यातल्या. बस भायखळ्याच्या पुढे आली तशा त्या उठून उभ्याच राहिल्या. मला वाटले, गाडी लागली. तर म्हणाल्या, "साहेब, ह्या वाटेनं मी आलेली हाये. रातची. चालत."

मार्च २०१८ चा तो मोर्चा. ६ तारखेला नाशिकहून निघाला आणि १२ तारखेच्या पहाटे आझाद मैदानात पोचला. सुमारे एकशे ऐंशी किलोमीटर. दहावीची परीक्षा चालू होती, पोरांना गाड्या मिळाल्या नाहीत तर काय, म्हणून शेवटचा टप्पा मंडळींनी रात्रीच चालून काढला. वाटेत मुंबईकर पाणी, बिस्किटे, चपला घेऊन उभे होते. आजींच्या टाचा फुटल्या होत्या. इथेच कुठेतरी एका बुरखेवाल्या बाईने त्यांना खाली बसवून पायाला तेल लावले. ते घर त्या शोधत होत्या. बस कसली थांबते! मी सरकारी नोकर, त्या मोर्चात नव्हतो. त्या आठवड्यात मी कचेरीत बसून कोणत्या गावातून किती माणसे गेली याचे अहवाल लिहीत होतो. हे मी बसमध्ये बोललो नाही.

क्रॉफर्ड मार्केटला उतरलो. आता तिचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. १८६९ साली बांधून झाली. बहुतेक लोक फळांकडे बघत आत शिरतात आणि दाराच्या वरची दगडी नक्षी तशीच राहते. तिथे शेतात राबणारी माणसे कोरली आहेत. लॉकवुड किपलिंग नावाच्या साहेबाने ती घडवली. ज्याने 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्याचे नाव नेमके याच मंडईला मिळाले, हे मला नेहमी बरे वाटते. त्यांना 'महात्मा' ही पदवी मिळाली तीही मुंबईतच, मांडवीच्या कोळीवाड्यात, ११ मे १८८८ रोजी. आमच्या एका बागायतदाराने आत जाऊन द्राक्षांचा भाव विचारला आणि काही न बोलता बाहेर आला.

तिथून बोरीबंदर पायी पाच-सात मिनिटांवर. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत उभी राहायला १८७८ पासून दहा वर्षे लागली. २००४ मध्ये तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. रस्ता ओलांडून आझाद मैदान. पोरे क्रिकेट खेळत होती. आजींनी कुठे बसलो होतो ते दाखवले, कुठे भाकरी वाटल्या ते दाखवले. "त्या टायमाला समोर येवढा मोठा वाडा हाये, हे मला दिसलंच नव्हतं," असे म्हणून त्या महापालिकेच्या इमारतीकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

पुन्हा बस, आणि गेटवे. राजा पंचम जॉर्ज १९११ मध्ये इथे उतरला त्याची ही आठवण. बांधून खुली झाली ४ डिसेंबर १९२४ ला. गोऱ्या सैन्याची शेवटची तुकडी २८ फेब्रुवारी १९४८ ला याच कमानीखालून परत गेली, तेव्हा दरवाजा नेमका कोणासाठी बांधला होता ते कळले. समोरच घोड्यावर महाराज आहेत. फोटो झाले.

खरा प्रश्न होता बोटीचा. घारापुरीला जायचे म्हटल्यावर पाच-सहा जण मागे सरले. १८ डिसेंबर २०२४ ची गोष्ट सर्वांनी टीव्हीवर पाहिली होती. घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची चाचणीवरची वेगवान बोट धडकली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. बावीस माणसे माझ्या सहीवर आलेली; मलाही रात्री नीट झोप लागली नव्हती. मी कोणाला आग्रह केला नाही. इतकेच सांगितले की खिडकीवरच तिकीट काढू, गर्दीची बोट सोडून देऊ आणि अंगात जाकीट घातल्याशिवाय धक्का सोडू द्यायचा नाही. दोन बोटी आम्ही खरेच सोडल्या. तिसऱ्या बोटीवर जाकिटे मोजून घेतली, बंद आवळून पाहिले. बैलाचा कासरा तपासतो तसे. आजी सर्वांत आधी चढल्या. "नाशिकपून चालत आले, आता बसून जायाला काय भ्यायचं?" त्या गेल्यावर मागे कोण राहणार?

तासाभराची वाट. वरच्या मजल्यावर बसायला थोडे जादा पैसे पडतात, ते द्यावेत. गेटवे आणि ताज लहान होत जातात, उजवीकडे-डावीकडे नांगरलेली जहाजे लागतात. तेल उतरवण्याचे जवाहर बेट लागते. आणि पुढे पैलतीरावर, जिराफांचा कळप उभा असावा तशा उंच याऱ्या दिसू लागतात. ते न्हावा-शेवा बंदर. १९८९ पासून चालू आहे. मी बागायतदारांना बोलावून दाखवले. आपल्या दिंडोरी-निफाडची द्राक्षे थंड पेटीतून निघतात ती इथूनच जहाजावर चढतात. तोपर्यंत त्यांच्या लेखी निर्यात म्हणजे पॅकहाउसच्या फाटकाबाहेर गेलेली गाडी. एकाने विचारले, इथून पुढे किती दिवस? मी सांगितले, सुएझच्या वाटेने युरोप तीन-साडेतीन आठवडे. पण २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा आफ्रिकेला वळसा पडला आणि आणखी दीड-दोन आठवडे वाढले. मग मण्याची साल, देठाचा हिरवेपणा, शून्य अंश तापमान यावर अशी चर्चा जुंपली की घारापुरीचा धक्का आला ते कोणाच्या ध्यानात आले नाही. कांदेवाला मात्र त्या याऱ्यांकडे बघून एवढेच बोलला की डिसेंबर २०२३ ते मे २०२४ निर्यात बंद होती, तेव्हा इथे कसे दिसत होते ते बघायला यायला पाहिजे होते.

बेटावर धक्क्यापासून छोटी आगगाडी आहे. तिच्यात म्हाताऱ्या माणसांनी बसावे, बाकीच्यांनी चालावे. मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूला दुकाने. माकडे फार, हातात पिशवी उघडी ठेवू नये. आमच्या एकाचा चिवडा गेलाच.

लेणी सुमारे सहाव्या शतकातली, १९८७ पासून जागतिक वारशात. पोर्तुगीजांना इथे दगडाचा हत्ती दिसला म्हणून त्यांनी एलिफंटा नाव ठेवले. तो हत्ती आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे; सकाळी बसमधून त्याच्या जवळूनच गेलो होतो, तेव्हा सांगायचे राहिले.

मोठ्या लेण्यात शिरल्यावर मंडळींचे बोलणे आपोआप बंद झाले. आपल्याकडे विहिरीला जो काळा कातळ लागतो, तोच हा. सात परस विहीर खणलेला आमचा एक शेतकरी थेट खांबाशी गेला आणि हात फिरवून टाकीच्या खुणा पाहू लागला. सुरुंग नाही, यंत्र नाही, आणि चुकला घाव तर जोड द्यायला जागा नाही. "आमी खाली खणत गेलो, हे आडवं खणत गेले, आणि मधी खांब ठेवायचं ध्यानात ठेवलं," असे तो म्हणाला. लेण्याविषयी पुष्कळ वाचले आहे, पण इतके नेमके कोणी सांगितले नव्हते.

मागच्या भिंतीवर वीस फुटांच्या जवळपास उंचीचा सदाशिव. तीन मुखे: एक उग्र, एक सौम्य, मधले शांत, डोळे मिटलेले. त्याच्या बाजूला गंगावतरण. बायका मात्र शिवपार्वतीच्या लग्नापाशी रेंगाळल्या, कारण नवरी खरोखर मान किंचित खाली घालून उभी आहे. बऱ्याच मूर्तींचे हातपाय तुटलेले आहेत. बाजूला कातळातच पाण्याचे टाके कोरले आहे. समुद्रात राहून गोड्या पाण्याची बेगमी आधी केलेली, हे आमच्या पश्चिम पट्ट्यातल्या मंडळींनी ताबडतोब हेरले, कारण त्यांचा उन्हाळा हंड्यावर जातो.

बेटावर तीन वाड्या आहेत. काकडी विकणाऱ्या एका बाईशी आजींची गट्टी जमली. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकून इथे कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर समोर रात्रभर मुंबई झगमगत होती आणि इथे जनित्र, तेही संध्याकाळी थोडा वेळ. आजी म्हणाल्या, "म्हंजे मी चालत निघाले त्याच्या आदल्या म्हयन्यात तुमचा दिवा लागला." मग दोघींनी एकमेकींना आपले कागद सांगितले. आजींना वनपट्टा मिळाला आहे, पण मागितला त्याहून कमी, आणि सातबाऱ्यावर नाव इतर हक्कात. त्या बोलत असताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. तो विषय महसूल आणि वनखात्याचा, असे मी नेहमी सांगतो. तिथे तेवढे सांगवले नाही.

परतीच्या बोटीत निम्मे लोक झोपले. गेटवेला उतरून पायी निघालो ते विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरपर्यंत. २८० फूट उंच, १८७८ साली पूर्ण झाला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस बंद पडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत मुंबईतले व्यापारी गबर झाले. त्यांतल्याच प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून हा टॉवर उभा राहिला. युद्ध संपले, भाव कोसळला. व्यापारीही बुडाले, पण टॉवर मागे राहिला. शेतकऱ्याच्या मागे राहिले ते सावकाराचे कागद, आणि १८७५ मध्ये सुप्याला दंगा पेटला. एवढे सांगितल्यावर मंडळी टॉवरकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागली.

तरुण पोरांची शेवटची हौस दुमजली बसची. डिझेलवरच्या जुन्या गाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये मोडीत निघाल्या. आता विजेवरच्या, गार हवेच्या आहेत. नरिमन पॉइंटकडे जाणारी एक मिळाली. वरच्या मजल्यावर सर्वांत पुढची बाकडी रिकामी होती. आजींना तिथे बसवले. पुढे मंत्रालय आले. आमच्यातले निम्मे लोक कधी ना कधी त्याच्या फाटकापाशी पास घ्यायला रांगेत उभे राहिलेले. वरून भिंतीच्या आतले आवार दिसत होते: गाड्या, झाडे, घरी निघालेले कारकून.

"साहेब, हेच का ते?" आजींनी विचारले.

"हो, हेच."

"आमचा कागद कोणच्या खिडकीत हाये?"

मला माहीत नव्हते, तरी मी पाहिले. बस सिग्नलला थांबली होती. आजी काचेला हात लावून एकेक मजला मोजत होत्या. सहावर आल्या आणि गाडी सुटली.