तारांकित रकाने

वायरफ्रेम म्हणजे वेबसाइटचा नुसता रेघांचा आराखडा. घर बांधण्याआधी जमिनीवर फक्की मारून खोल्या आखतात, त्याच जातीचा. रंग नाही, सजावट नाही. फोटो येणार असेल तिथे चौकोन काढून आत फुली मारायची. मी तो अजून पेन्सिलीनेच काढते. फिग्मात काढलेलं इतकं नीटनेटकं दिसतं की समोरची माणसं लगेच रंगांवर बोलू लागतात. बाल्सामिकमध्ये मुद्दाम हाताने काढल्यासारख्या वाकड्या रेघा येतात, त्या याचसाठी.

तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेचं काम आलं होतं. अध्यक्षांना पहिल्या पानावर सरकते फोटो हवे होते : सत्कार, शाखेचं उद्घाटन, वार्षिक सभा. मी म्हटलं, आधी दोन दिवस काउंटरपाशी बसते. तिथे सत्काराची चौकशी कोणी केली नाही. ठेवीला व्याज किती, सोनेतारण आजच्या आज होईल का, जामीनदार किती लागतील, शनिवारी कधीपर्यंत उघडं असतं. शनिवारच्या वेळेसाठी मी वहीत उभ्या रेघा मारत होते. पहिल्याच दुपारी अर्धं पान भरलं. ती वेळ पानाच्या माथ्यावर गेली, फुलीचे चौकोन तळाशी.

ब्रिटन सरकारने २०१२ साली गव्ह डॉट यूके सुरू केलं, तेव्हाच्या तत्त्वांत पहिलं होतं : गरजांपासून सुरुवात करा. त्यातल्या ‘गरजा’ या शब्दावर तारा होता आणि खाली खुलासा, की वापरणाऱ्यांच्या, सरकारच्या नव्हे. तो खुलासा करावा लागला, यातच बरंच काही आलं.

आमचं घोडं अडलं ते दुसऱ्याच ताऱ्यावर. सभासदत्वाच्या छापील अर्जात आडनाव, नाव, वडिलांचे/पतीचे नाव असे तीन रकाने होते. मॅनेजरांचं म्हणणं, तेच उचला आणि तिन्हींवर तारा द्या, म्हणजे भरणं सक्तीचं. पण छापील अर्जावर माणूस रकान्यात आडवी रेघ मारतो, समासात काहीबाही लिहितो, कारकून “राहू द्या मावशी” म्हणून अर्ज ठेवून घेतो. वेबसाइटवर रकाना रिकामा राहिला की लाल अक्षरं येतात आणि पुढचं पान उघडत नाही. तिथे “राहू द्या” म्हणणारं कोणी नसतं.

बचत गटाच्या काही बायका पैसे भरायला आल्या होत्या. त्यांना मी आराखडा दिला आणि पेन्सिलीनेच भरायला सांगितला. (असल्या चौकोनांत लोरेम इप्सम भरायची रीत आहे. त्या लॅटिनमध्ये कोणाचंच नाव अडत नाही.) एकीची पेन्सिल तिसऱ्या रकान्यावर थांबली. नवऱ्यापासून ती वेगळी राहत होती. आधारवर वडिलांचं नाव, रेशनकार्डावर नवऱ्याचं. शेजारणीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “ताई, कुठलं लिहू? तुम्ही सांगाल ते लिहिते.”

ते सांगणारी मी कोण?

मॅनेजरांना विचारलं, या नावाचा उपयोग काय? ओळख आधार-पॅनवरून पटवतात, एका नावाचे दोन सभासद असले तर सभासद क्रमांक आहेच. मग? “रजिस्टरात तीन रकाने आहेत.” एवढंच कारण होतं, आणि त्यावर आमचा आठवडा गेला. शेवटी मी राज्य सरकारचा निर्णय पुढे केला : १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांवर आधी स्वतःचं नाव, मग आईचं, वडिलांचं आणि शेवटी आडनाव. ही मुलं उद्या खातं उघडायला येतील, तेव्हा तुमच्या तीन रकान्यांत आईला कुठे बसवाल? बाईच्या अडचणीने जे झालं नाही ते या प्रश्नाने झालं. मला ते फारसं आवडलं नाही, पण खोडरबर हातात होता, वापरून घेतला.

तीन चौकोन गेले. ‘आधारवर आहे तसे पूर्ण नाव’ असा एकच लांब रकाना आला. त्याच्या मापासाठी मी रजिस्टरातलं सगळ्यात लांब नाव शोधलं. ते मोबाइलच्या रुंदीत मावेना, म्हणून रकाना दोन ओळींचा केला. आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकू नयेत म्हणून मधली जागा थोडी वाढवली.